रेफ्रिजरंटच्या नोंदी सॉफ्टवेअरवर आणताना

एका यंत्रघरातील नोंदवहीत मी एकदा पुढील ओळ वाचली होती: ‘गॅस भरला, युनिट चालू केले, ओके.’ खाली तारीख आणि सही होती. लिहिणाऱ्याच्या दृष्टीने काम तिथे संपले होते आणि यंत्रही खरोखरच थंडावा देत होते. परंतु गॅस किती किलो भरला, कोणत्या सिलिंडरमधून भरला, तो कमी का झाला होता, गळती सापडली का, आणि सापडली असल्यास दुरुस्तीनंतर ती जागा पुन्हा तपासली का, यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर त्या ओळीत नव्हते. रेफ्रिजरंटविषयीचे, म्हणजे थंडावा देणाऱ्या यंत्रात फिरणाऱ्या या गॅसविषयीचे, कायदे नेमके हेच प्रश्न विचारतात.

अशा नोंदवहीच्या जागी सॉफ्टवेअर आणले की नियमपालन आपोआप होईल, असा समज अनेक ठिकाणी दिसतो. प्रत्यक्षात सॉफ्टवेअरचे सारे गणित दोन आकड्यांवर उभे असते: यंत्रात एकूण किती रेफ्रिजरंट असायला हवे, आणि आज त्यात किती भरले. हे दोन आकडे खरे असतील तर उरलेले काम, म्हणजे टक्केवारी काढणे, मुदती मोजणे, आठवण करून देणे आणि अहवाल तयार करणे, सॉफ्टवेअर माणसापेक्षा चांगले करते. ते खोटे किंवा अंदाजी असतील, तर पडद्यावर सर्व यंत्रांपुढे हिरवी खूण दिसत असतानाही कायद्याचा भंग होत राहतो. म्हणून पुढील मांडणीत या दोन आकड्यांना सर्वांत जास्त जागा दिली आहे.

आधी नियम, मग प्रोग्राम

ओझोनच्या थराला हानी पोहोचवणाऱ्या पदार्थांवर १९८७ च्या माँट्रियल करारापासून आंतरराष्ट्रीय नियंत्रण आले. २०१६ मध्ये किगाली येथे झालेल्या दुरुस्तीने हायड्रोफ्लुरोकार्बन, म्हणजेच एचएफसी, त्या करारात आणले गेले आणि ती दुरुस्ती १ जानेवारी २०१९ पासून अमलात आली. एचएफसी ओझोनला धक्का लावत नाहीत, पण वातावरण तापवण्याची त्यांची क्षमता कार्बन डायऑक्साइडच्या शेकडो ते हजारो पटींनी अधिक असते. देशोदेशीचे कायदे या कराराच्या आधाराने तयार झाले असले, तरी मोजमापाची पद्धत सर्वत्र सारखी नाही, आणि सॉफ्टवेअर निवडतानाचा पहिला घोळ इथेच होतो.

अमेरिकेतील नियम वजन आणि टक्केवारीच्या भाषेत बोलतात. ओझोनला घातक रेफ्रिजरंट ५० पौंड किंवा त्याहून अधिक असलेल्या यंत्रांना तेथील स्वच्छ हवा कायद्याच्या कलम ६०८ खालचे गळती-दुरुस्तीचे नियम लागू होतात. एचएफसींना आळा घालणाऱ्या २०२० च्या एआयएम कायद्याखाली झालेल्या नियमामुळे १ जानेवारी २०२६ पासून एचएफसी आणि त्यांचे कार्बन डायऑक्साइडच्या ५३ पटींपेक्षा अधिक तापमानवाढ क्षमतेचे पर्याय १५ पौंड किंवा अधिक असलेली यंत्रेही या चौकटीत आली. निवासी आणि लहान व्यापारी वातानुकूलन मात्र त्यातून वगळले आहे. वर्षाकाठी गळतीचा दर व्यापारी शीतकरणात २० टक्क्यांच्या, औद्योगिक प्रक्रियेतील शीतकरणात ३० टक्क्यांच्या आणि माणसांच्या सोयीसाठीच्या वातानुकूलनात १० टक्क्यांच्या वर गेला, की दुरुस्तीची सक्ती सुरू होते.

युरोपीय संघाचा नियम क्रमांक २०२४/५७३, जो ११ मार्च २०२४ पासून लागू झाला, वेगळ्या मापाने चालतो. तिथे यंत्रातील एचएफसीचे वजन त्याच्या जागतिक तापमानवाढ क्षमतेने, म्हणजे कामाच्या भाषेत जीडब्ल्यूपीने, गुणून येणारे कार्बन डायऑक्साइड समतुल्य टन पाहिले जातात. ५ टनांपासून वर्षातून एकदा, ५० टनांपासून सहा महिन्यांतून एकदा आणि ५०० टनांपासून तीन महिन्यांतून एकदा गळतीची तपासणी करावी लागते. गळती शोधणारी स्थिर यंत्रणा बसवलेली असल्यास ही अंतरे दुप्पट होतात.

या फरकाचा व्यवहारातील अर्थ असा की, एका चौकटीसाठी लिहिलेला प्रोग्राम दुसऱ्या चौकटीत जसाच्या तसा वापरता येत नाही. विक्रेत्याला पहिला प्रश्न असा विचारावा: मर्यादा, टक्केवारी, मुदती आणि जीडब्ल्यूपीचा तक्ता आम्हाला बदलता येतो का, की तो प्रोग्राममध्येच गोठवलेला आहे? जीडब्ल्यूपीच्या तक्त्याबद्दल विशेष आग्रह धरावा, कारण एकाच वायूचा आकडा आंतरसरकारी हवामान समितीच्या वेगवेगळ्या अहवालांत वेगवेगळा आहे. आर-१३४ए चा आकडा चौथ्या अहवालात १४३०, तर पाचव्यात १३०० आहे. किगाली दुरुस्तीचा हिशोब चौथ्या अहवालातील आकड्यांवर चालतो, मात्र कंपनीच्या हरितगृह वायूंच्या अहवालासाठी लेखापरीक्षक नवे आकडे मागू शकतात. त्यामुळे एकाच नोंदीवर दोन तक्ते चालवण्याची सोय प्रोग्राममध्ये असावी, आणि कोणता तक्ता कोणत्या अहवालासाठी वापरला हे अहवालावरच छापले जावे.

यंत्रांची यादी

यादी करायला बसल्यावर पहिला प्रश्न पडतो तो ‘एक यंत्र’ कशाला म्हणायचे. एकाच चिलरमध्ये, म्हणजे पाणी थंड करणाऱ्या यंत्रात, दोन स्वतंत्र रेफ्रिजरंट सर्किटे असू शकतात. अमेरिकी नियमात प्रत्येक स्वतंत्र सर्किट हे वेगळे यंत्र धरले जाते, त्यामुळे यादीतही सर्किटनिहाय नोंद करावी आणि दोन्ही सर्किटे एका चिलरच्या नावाखाली जोडावीत. हे न केल्यास एका सर्किटची मोठी गळती दुसऱ्याच्या भरलेल्या वजनात विरघळून जाते आणि टक्केवारी निम्म्यावर येते.

त्यानंतर येतो पूर्ण चार्ज, म्हणजे यंत्रात एकूण असायला हवे ते रेफ्रिजरंटचे वजन. बहुतेक ठिकाणी नेमप्लेटवरचा आकडा यादीत उतरवला जातो आणि विषय संपतो. कारखान्यातून भरून आलेल्या, बंदिस्त यंत्रांच्या बाबतीत हे ठीक आहे. परंतु जागेवर पाइप टाकून जोडलेल्या यंत्रणेत, म्हणजे एका कॉम्प्रेसर रॅकवर (एकत्र बसवलेल्या कॉम्प्रेसरांच्या संचावर) अनेक शोकेस किंवा शीतकक्ष चालतात तिथे, खरा चार्ज पाइपच्या लांबीवर, रिसिव्हरच्या (द्रव रेफ्रिजरंट साठवणाऱ्या टाकीच्या) आकारावर आणि बाष्पकांच्या संख्येवर ठरतो. तिथे नेमप्लेट फारशी उपयोगी पडत नाही. अमेरिकी नियम पूर्ण चार्ज ठरवण्याचे चार मार्ग मान्य करतात: उत्पादकाने दिलेला आकडा; भागांचे आकारमान, पाइपची लांबी आणि घनता यांवरून केलेली आकडेमोड; प्रत्यक्ष भरलेल्या किंवा काढलेल्या रेफ्रिजरंटचे वजन; आणि उपलब्ध माहितीच्या आधारे ठरवलेला किमान ते कमाल असा पल्ला, ज्याचा मध्यबिंदू पुढे हिशोबासाठी घेतला जातो. सॉफ्टवेअरमध्ये आकड्याशेजारी तो कोणत्या मार्गाने ठरवला, कोणी ठरवला आणि केव्हा ठरवला, हे तीनही रकाने अनिवार्य करावेत. तपासणी अधिकारी आकड्याआधी त्या आकड्याचा आधार विचारतात.

एखादे यंत्र मोठ्या दुरुस्तीसाठी पूर्ण रिकामे केले जाते, तो दिवस वाया घालवू नये. त्या वेळी काढलेल्या आणि पुन्हा भरलेल्या रेफ्रिजरंटचे वजन मिळते, आणि अंदाजाने ठरवलेला चार्ज मोजलेल्या चार्जने बदलण्याची ती सर्वांत स्वस्त संधी असते. जुना आकडा पुसू नये. नवा आकडा नव्या तारखेपासून लागू करावा, म्हणजे आधीच्या टक्केवाऱ्या ज्या आकड्यावर काढल्या होत्या तो इतिहासात शाबूत राहतो.

रेफ्रिजरंट बदलले तर नोंदही तशीच जपून बदलावी. समजा, १४ किलो आर-४०४ए असलेले यंत्र आहे. त्याचा जीडब्ल्यूपी ३९२२ धरला तर समतुल्य वजन सुमारे ५४.९ टन होते, आणि युरोपीय नियमानुसार तपासणी सहामाही येते. त्याच यंत्रात तितकेच आर-४४९ए भरले, ज्याचा जीडब्ल्यूपी १३९७ आहे, तर समतुल्य वजन १९.६ टनांच्या आसपास येते आणि तपासणी वार्षिक होते. प्रोग्रामने ही वारंवारता आपणहून बदलावी, आणि बदलली की ती का बदलली हे संबंधित व्यक्तीला कळवावे. गुपचूप पुढे ढकललेली तपासणी ही विसरलेल्या तपासणीसारखीच दिसते.

प्रोपेन किंवा कार्बन डायऑक्साइडवर चालणारी यंत्रे बहुतांश गळतीविषयक नियमांच्या बाहेर राहतात. तरीही ती यादीत असू द्यावीत, कारण ज्वलनशीलतेचे व दाबाचे सुरक्षानियम त्यांना लागूच असतात.

यंत्रापाशी केलेली नोंद

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. रेफ्रिजरंट भरल्याची नोंद यंत्रासमोर उभे राहून, सिलिंडर काट्यावर असतानाच व्हायला हवी. संध्याकाळी कार्यालयात बसून केलेल्या नोंदीत ‘साधारण दहा किलो’ असा आकडा येतो, आणि एका महिन्यात असे दहा-दहा किलोंचे गोल आकडे दिसू लागले की अनुभवी तपासनीस लगेच सिलिंडरची बिले मागतो.

प्रत्यक्ष काम कसे व्हावे ते एकदा जवळून पाहू. तंत्रज्ञ यंत्रावर चिकटवलेला क्यूआर कोड मोबाइलवर वाचतो, त्यामुळे यंत्राचे नाव, रेफ्रिजरंटचा प्रकार आणि पूर्ण चार्ज पडद्यावर येतात. हाताने निवडताना होणारी चूक, म्हणजे रॅक ‘अ’ ऐवजी रॅक ‘ब’ निवडणे, इथेच टळते. मग तो सिलिंडरवरचा क्रमांक वाचतो. सिलिंडर काट्यावर ठेवून आधीचे वजन नोंदवतो, समजा ३१.४ किलो. होजमधील हवा काढून रेफ्रिजरंट भरतो, झडप बंद करतो आणि नंतरचे वजन नोंदवतो, १९.४ किलो. वजाबाकी प्रोग्रामच करतो: १२ किलो. दोन्ही वेळी काट्याच्या पडद्याचा फोटो जोडला जातो. या सर्वाला दीड-दोन मिनिटे जादा लागतात. भरलेल्या वजनाचा एकच रकाना असलेले प्रोग्राम मी टाळतो, कारण तिथे वजाबाकी माणसाच्या मनात होते आणि चुकली तर पुरावा राहत नाही.

वजनानंतर कारणाचा रकाना महत्त्वाचा आहे. तो मोकळा मजकूर न ठेवता ठरावीक पर्यायांतून निवडायचा ठेवावा: नवी उभारणी, रेफ्रिजरंट बदल, दुरुस्तीनंतरची भरणी, गळतीमुळे कमी झालेल्याची भरपाई, ऋतुमानानुसार केलेला बदल. हे वर्गीकरण केवळ व्यवस्थितपणासाठी नाही. अमेरिकी नियमांत नवी उभारणी आणि रेफ्रिजरंट बदल यांनंतर लगेच केलेली भरणी गळतीच्या दराच्या हिशोबात धरली जात नाही. थंड हवामानात कंडेन्सरमधील दाब टिकवण्यासाठी काही यंत्रणांत जादा रेफ्रिजरंट लागते. उन्हाळ्यापूर्वी ते काढून घेतात आणि हिवाळ्यात पुन्हा भरतात. काढले होते तेवढेच परत भरले तर तेही हिशोबातून सुटते, पण त्यासाठी काढल्याची नोंद वजनासह असावी लागते. काढल्याची नोंदच नसेल, तर हिवाळ्यातील प्रामाणिक भरणीसुद्धा गळती म्हणूनच मोजली जाईल.

एककांची सांगड पहिल्याच दिवशी घालावी. ४०० पौंडांचे यंत्र चुकून ४०० किलोंचे म्हणून नोंदले गेले, तर खरा चार्ज १८१ किलोंच्या आसपास असताना गळतीचा दर निम्म्याहूनही कमी दिसत राहतो आणि वर्षानुवर्षे कोणाच्या लक्षात येत नाही. प्रोग्राममध्ये एकच एकक सक्तीचे करावे, आणि दुसऱ्या एककातील आकडा येणार असेल तर रूपांतर प्रोग्रामने करावे.

यंत्रघर तळघरात असते, तिथे मोबाइलला नेटवर्क मिळत नाही. म्हणून नोंद ऑफलाइन घेऊन नंतर पाठवण्याची सोय आहे का, हे विकत घेण्यापूर्वी स्वतः तळघरात उतरून पाहावे. विक्रेत्याच्या कार्यालयातील प्रात्यक्षिकावर विसंबू नये. अशी सोय असेल तर नोंदीवर दोन वेळा उमटल्या पाहिजेत: काम केल्याची आणि नोंद पोहोचल्याची.

गळतीचा दर कसा निघतो

हा हिशोब प्रोग्राम करतो, पण तो काय करतो हे जबाबदार माणसाला कागदावर करता आले पाहिजे. अमेरिकी नियमांत दोन पद्धती आहेत. पहिल्या, वार्षिकीकरणाच्या पद्धतीत आज भरलेले वजन पूर्ण चार्जने भागायचे, त्याला ३६५ भागिले मागील भरणीपासूनचे दिवस या गुणोत्तराने गुणायचे, आणि शंभराने गुणून टक्के काढायचे. दिवस ३६५ पेक्षा अधिक असले तर ३६५ च धरायचे. दुसऱ्या, फिरत्या सरासरीच्या पद्धतीत मागील ३६५ दिवसांत भरलेल्या एकूण वजनाला पूर्ण चार्जने भागायचे. मधल्या काळात सर्व गळत्या दुरुस्त होऊन नंतरची चाचणी उत्तीर्ण झाली असेल तर त्या तारखेपासूनचीच बेरीज घ्यायची.

एक उदाहरण घेऊ. व्यापारी शीतकरणाचा एक रॅक आहे, पूर्ण चार्ज ४०० किलो. ४५ दिवसांपूर्वी त्यात २० किलो भरले होते आणि आज वर सांगितलेले १२ किलो भरले. वार्षिकीकरणाने १२ भागिले ४०० म्हणजे ३ टक्के, आणि ३६५ भागिले ४५ म्हणजे सुमारे ८.११; गुणाकार २४.३ टक्के. मर्यादा २० टक्के असल्याने दुरुस्तीची सक्ती आजपासून सुरू झाली. फिरत्या सरासरीने, वर्षभरात दुसरी भरणी नसेल तर, ३२ भागिले ४०० म्हणजे केवळ ८ टक्के. यंत्र तेच, गॅस तोच, आणि एका पद्धतीने नियमभंगाची टांगती तलवार, तर दुसऱ्या पद्धतीने निवांत. म्हणूनच पद्धत एकदा निवडून त्या आवारातील सर्व यंत्रांना तीच लावण्याची अट आहे, आणि प्रोग्राममध्ये ती निवड कुलूपबंद करावी; ज्याला वाटेल त्याने यंत्रागणिक बदलावी अशी मोकळीक नसावी. वार्षिकीकरणाची पद्धत नवी गळती लवकर ओरडून सांगते. फिरती सरासरी शांत असते, पण वर्षाअखेरीस अनेक लहान भरण्यांची बेरीज एकदम मर्यादेपलीकडे गेल्याचे दाखवू शकते. माझे मत विचाराल तर नियमाने निवडलेली पद्धत कोणतीही असो, पडद्यावर दोन्ही आकडे शेजारी दिसावेत, कारण दुसरा आकडा देखभालीसाठी उपयोगी पडतो.

याच उदाहरणात पूर्ण चार्ज चुकून ६०० किलो नोंदलेला असता, तर पहिल्या पद्धतीने दर १६.२ टक्के आला असता आणि प्रोग्रामने काहीच सांगितले नसते. पूर्ण चार्जच्या आधाराबद्दल वर एवढा आग्रह धरला तो यासाठी. प्रोग्राम सुरू करण्यापूर्वी अशी पाच-सहा उदाहरणे हाताने सोडवून त्याच्या उत्तरांशी ताडून पाहावीत, आणि तो कागद जपून ठेवावा.

मुदती

मर्यादा ओलांडली गेली त्या भरणीच्या तारखेपासून अमेरिकी नियमानुसार ३० दिवसांत दुरुस्ती व्हावी लागते. औद्योगिक प्रक्रिया बंद ठेवावी लागणार असेल तर १२० दिवस मिळतात. दुरुस्तीनंतर यंत्रात रेफ्रिजरंट परत भरण्यापूर्वी पहिली पडताळणी चाचणी करायची असते, आणि ती यशस्वी झाल्यापासून किंवा यंत्र नेहमीच्या स्थितीत चालू लागल्यापासून १० दिवसांत दुसरी. युरोपीय नियमात दुरुस्त केलेली जागा यंत्र किमान २४ तास चालल्यानंतर, पण एका महिन्याच्या आत पुन्हा तपासायची असते.

सामान्य देखभालीच्या प्रोग्राममध्ये इथे एक खड्डा असतो. तंत्रज्ञाने सांधा ब्रेझ केला (डाग देऊन जोडला), यंत्र चालू झाले, कामाची पावती ‘बंद’ झाली, आणि त्या ‘बंद’बरोबर मुदतीची मोजणीही थांबली. दुसरी चाचणी कोणाच्याच यादीत उरली नाही. नियमपालनाचा प्रोग्राम निवडताना किंवा आखताना गळतीचे प्रकरण आणि दुरुस्तीचे काम या दोन वेगळ्या नोंदी ठेवाव्यात. एका प्रकरणाखाली अनेक कामे असू शकतात, आणि दुसऱ्या चाचणीचा निकाल नोंदल्याशिवाय प्रकरण बंद करण्याचे बटण उपलब्धच होऊ नये. चाचणीच्या नोंदीत तपासलेली जागा, पद्धत आणि निकाल असावा. साबणाच्या फेसाने पाहिले की इलेक्ट्रॉनिक शोधकाने, हेही लिहावे.

अमेरिकेत दुरुस्ती जमली नाही तर यंत्र बदलण्याची किंवा निवृत्त करण्याची योजना ३० दिवसांत तयार करावी लागते आणि साधारणतः एका वर्षात पार पाडावी लागते. तीही त्याच प्रकरणाखाली जोडावी. शिवाय एका कॅलेंडर वर्षात पूर्ण चार्जच्या १२५ टक्के किंवा अधिक रेफ्रिजरंट गमावणाऱ्या यंत्राचा अहवाल पुढील १ मार्चपर्यंत पर्यावरण संरक्षण संस्थेला द्यावा लागतो. या आकड्याजवळ जाणाऱ्या यंत्रांची यादी सप्टेंबरमध्येच पाहावी. डिसेंबरमध्ये पाहून हाती फारसे काही राहत नाही.

आठवणींचे संदेश मोजकेच ठेवावेत. रोज चाळीस ईमेल येऊ लागले की ते कोणीच वाचत नाही. पहिली आठवण तंत्रज्ञाला, मुदतीचे निम्मे दिवस उलटल्यावर त्याच्या पर्यवेक्षकाला, आणि शेवटच्या आठवड्यात ज्याच्या सहीने खर्च मंजूर होतो त्याला, अशी चढती रचना उपयोगी पडते. अनेकदा दुरुस्ती अडते ती सुट्या भागाच्या मंजुरीपाशी, म्हणून ती शेवटची पायरी गाळू नये.

सिलिंडरचा हिशोब

यंत्रांच्या नोंदी खऱ्या आहेत की नाहीत, हे तपासण्याचा सर्वांत सोपा मार्ग सिलिंडरच्या खोलीतून जातो. महिन्याच्या सुरुवातीचा साठा, त्यात खरेदी आणि यंत्रांतून काढून घेतलेले रेफ्रिजरंट मिळवायचे. यंत्रांत भरलेले, पुनर्शुद्धीकरणासाठी पाठवलेले आणि परत केलेल्या सिलिंडरांत उरलेले वजा करायचे. उत्तर प्रत्यक्ष वजन केलेल्या साठ्याशी जुळले पाहिजे. काही शे ग्रॅमचा फरक होजमध्ये आणि काट्याच्या अचूकतेत जातो. मात्र एखादा पूर्ण सिलिंडर जुळत नसेल, तर कुठेतरी भरणी झाली आहे आणि तिची नोंद झालेली नाही, असेच धरून चालावे.

यासाठी प्रत्येक सिलिंडरला क्रमांक, रिकामे वजन, रेफ्रिजरंटचा प्रकार आणि सध्याची जागा असावी. काढून घेतलेल्या रेफ्रिजरंटचे सिलिंडर नव्या सिलिंडरांपासून वेगळ्या प्रकारात नोंदवावेत. युरोपीय नियमांत पुनर्वापरासाठी साफ केलेले किंवा पुनर्शुद्ध केलेले रेफ्रिजरंट वापरले असल्यास तसे, आणि ते कोठे शुद्ध झाले हेही, यंत्राच्या नोंदीत लिहावे लागते. तेथे २५०० किंवा अधिक जीडब्ल्यूपीचे नवे एचएफसी शीतकरण यंत्रांच्या देखभालीसाठी वापरण्यावर १ जानेवारी २०२५ पासून सर्वसाधारण बंदी आहे, त्यामुळे आर-४०४ए कोणत्या सिलिंडरमधून आले हा आता कायद्याचा प्रश्न आहे. दोन प्रकार एकाच सिलिंडरमध्ये मिसळले गेले तर त्याची स्वतंत्र नोंद ‘मिश्र’ म्हणून करावी आणि तो सिलिंडर भरणीसाठी निवडताच येऊ नये, अशी अडवणूक प्रोग्राममध्ये घालावी.

सेन्सर

अमेरिकेतील नव्या नियमाने १५०० पौंड किंवा अधिक चार्जच्या औद्योगिक प्रक्रिया व व्यापारी शीतकरण यंत्रांना स्वयंचलित गळतीशोधक यंत्रणा लागते: १ जानेवारी २०२६ पासून उभारलेल्या यंत्रांना उभारणीबरोबर, आणि २०१७ पासून २०२५ पर्यंत उभारलेल्यांना १ जानेवारी २०२७ पर्यंत. हवेतील वायू मोजणाऱ्या यंत्रणेने १०० पीपीएमला (हवेच्या दहा लाख भागांत १०० भाग वायू) सूचना द्यावी लागते. दाब, तापमान, द्रवाची पातळी यांवरून अंदाज बांधणाऱ्या यंत्रणेने ५० पौंड किंवा चार्जच्या १० टक्के यांपैकी जे कमी असेल तेवढी घट झाल्यावर.

सेन्सरची सूचना थेट प्रोग्राममध्ये आणता येते, आणि आणावीही. पण प्रत्येक सूचनेवर कोणी, केव्हा आणि काय पाहिले याचे उत्तर नोंदवण्याची सक्ती असेल तरच. उत्तर न दिलेल्या सूचनांचा ढीग तपासणीच्या वेळी मालकाच्याच विरुद्ध पुरावा ठरतो. सेन्सरची वार्षिक तपासणी व अंशशोधन हेही यंत्राप्रमाणेच वेळापत्रकात घालावे.

माणसे, अधिकार आणि जुन्या नोंदी

तंत्रज्ञाच्या प्रमाणपत्राचा क्रमांक, आणि जिथे मुदत असते तिथे तिची तारीख, प्रोग्राममध्ये असावी. मुदत संपलेल्या प्रमाणपत्रावर भरणीची नोंद स्वीकारली जाऊ नये. बाहेरचा कंत्राटदार काम करत असेल तर त्याला मर्यादित प्रवेश द्यावा आणि त्यानेही यंत्रापाशीच नोंद करावी, ही अट करारात लिहावी. त्याची कागदी पावती महिन्यानंतर येते, आणि तोपर्यंत तीस दिवसांपैकी बहुतेक संपलेले असतात. कायदा मात्र जबाबदार धरतो यंत्राच्या मालकाला किंवा चालकाला.

नोंद दुरुस्त करता यावी, पण पुसता येऊ नये. जुना आकडा, नवा आकडा, बदलणाऱ्याचे नाव, वेळ आणि कारण हे सर्व दिसले पाहिजे. प्रशासकालाही यातून सूट नसावी.

जुनी एक्सेलची पाने आणि नोंदवह्या प्रोग्राममध्ये आणताना सगळे आणण्याचा मोह टाळावा. पूर्ण चार्ज, मागील भरणीची तारीख व वजन, गेल्या ३६५ दिवसांतील भरण्या आणि उघडी असलेली गळतीची प्रकरणे इतके अचूक आणले की हिशोब सुरू होऊ शकतो. बाकीच्या वह्यांची पाने स्कॅन करून यंत्रागणिक जोडून ठेवावीत. जिथे जुन्या नोंदीत वजन नाही तिथे अंदाजाने आकडा भरू नये. ‘वजन नोंदलेले नाही’ असेच लिहावे. अमेरिकेत या नोंदी किमान ३ वर्षे आणि युरोपीय संघात ५ वर्षे जपायच्या असतात, आणि प्रोग्रामचा करार त्याआधी संपू शकतो. म्हणून फोटो व चाचण्यांसह सर्व माहिती सर्वसाधारण फाइलमध्ये बाहेर काढता येते का, हे करारावर सही करण्यापूर्वी एकदा प्रत्यक्ष करून पाहावे.

एक तिमाही जुनी पद्धत आणि नवा प्रोग्राम शेजारी-शेजारी चालवावेत. त्या काळात दर पंधरवड्याला कोणीतरी, शक्यतो यंत्रघराशी रोजचा संबंध नसलेला माणूस, चिठ्ठी टाकून एक यंत्र आणि एक तारीख निवडेल, आणि प्रोग्राम चालवणाऱ्याने त्या यंत्राचा पूर्ण चार्ज व त्याचा आधार, त्या तारखेपूर्वीची शेवटची भरणी, सिलिंडरचा क्रमांक, काट्याचे दोन फोटो, गळतीचा दर, आणि प्रकरण उघडले असल्यास दोन्ही चाचण्यांचे निकाल छापून द्यावेत. पहिल्या खेपेला याला अर्धा दिवस लागतो आणि काट्याचा एखादा फोटो हमखास सापडत नाही. चौथ्या-पाचव्या खेपेला हे काम दहा मिनिटांत होऊ लागले, आणि महिनाअखेरीचा सिलिंडरचा हिशोबही जुळू लागला, की जुनी नोंदवही बंद करून कपाटात ठेवायला हरकत नाही.